काकूंनी शेवाळाला खाऊ घातलं

काकूंना फिकट फ्लास्क बघवत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. कुणाला रडणारं मूल बघवत नाही, कुणाला भिंतीवरचं वाकडं चित्र बघवत नाही. काकूंना काचेतलं शेवाळ पिवळं पडलेलं दिसलं की घास उतरायचा नाही.

संस्थेत त्या आल्या त्या बाटल्या धुवायला. सव्वीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षं नुसती काच धुतली, मग वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायचं काम आलं, आणि एक दिवस संवर्धन खोलीतले म्हातारे मदतनीस आजारी पडले तेव्हा काकूंच्या हातात तारेची कडी आली. कडी ज्योतीवर लाल करायची, निवू द्यायची, एका फ्लास्कमधला हिरवा ठिपका उचलून दुसऱ्यात सोडायचा, वर कापसाचा बोळा. ऐकायला काय, सोपंच आहे. करून बघा म्हणजे कळेल. आठवड्याभरात बुरशी धरते. काकूंच्या हातून चोवीस वर्षांत एक फ्लास्क नासला नव्हता की एकातलं दुसऱ्यात गेलं नव्हतं. पदव्यांची भेंडोळी घेऊन आलेली पोरं त्यांच्याकडून हात कसा धरायचा ते शिकून जायची आणि पुढे कुठे कुठे मोठी साहेब व्हायची. काकू आपल्या त्याच स्टुलावर.

खोली बिनखिडकीची. चारी भिंतींना काचेच्या फळ्या, फळ्यांखाली नळीदिवे, मधोमध फ्लास्क गोल गोल हलवत ठेवणारं यंत्र. दाराशी एक उंच, जाड पुठ्ठ्याची वही. कुठलं शेवाळ, कुठल्या तारखेला बदललं, कुठल्या पाण्यात ठेवलं, औषध किती घातलं, खाली काकूंची सही. विभागात कशावरूनही वाद झाला की मॅडम एवढंच विचारायच्या, "वहीत काय आहे?" आणि वाद तिथेच मिटायचा. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. बोलायला गोड, पण त्यांच्यासमोर कुणी खुर्चीला पाठ टेकत नसे.

या काकूंचा जीव जडला होता एका विद्यार्थिनीवर. पोरगी सतत पळत असायची, उभ्या उभ्या जेवायची, वाक्य अर्धं टाकून पुढचं सुरू करायची. काकूंनी तिचं नाव ठेवलं घाईबाई, आणि ते सगळ्या मजल्यावर रूढ झालं. पाच वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती.

ती गोष्ट अशी. हे निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांची माळ. दर दहा-बारा मण्यांमागे एक मणी जाड कवच चढवून बसतो आणि हवेतलं नत्र पकडून अख्ख्या माळेला पोसतो. त्या खटाटोपात हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन म्हणजे धूर न करता जळणारं इंधन, माणसाला हवंहवंसं. पण शेवाळ ते बाहेर जाऊ देईल तर शपथ. त्याच्याकडे एक जनुक असतं. त्या जनुकाच्या जिवावर सुटलेला हायड्रोजन पुन्हा पकडून वापरला जातो. काकू त्या जनुकाला 'कंजूष' म्हणायच्या. घाईबाईने काय केलं, तो कंजूष कापून काढला आणि त्याच्या जागी औषध पचवणारं दुसरं जनुक बसवलं. म्हणजे पाण्यात औषध घातलं की साधं शेवाळ मरणार, बदललेलं तेवढं जगणार, आणि हायड्रोजन मोकळा होणार.

मेख पुढेच आहे. या शेवाळाच्या एकेका मण्यात जनुकांचा संच एक नसतो, दहा-बारा असतात. एका संचातला कंजूष काढला तरी बाकीचे जागेवर बसलेलेच. मग औषधाचा धाक दाखवत, पिढ्यामागून पिढ्या, एकेक जुना संच हुसकावत न्यायचा. घाईबाईने दीड वर्ष तेच केलं. शेवटी वायू मोजायच्या यंत्रावर हायड्रोजनची टेकडी साध्या शेवाळाच्या सहापट उंच आली, तेव्हा तिने काकूंना उचलून गरकन फिरवलं होतं. शोधनिबंध छापून आला. प्रबंध लिहायला घेतला. आणि तेवढ्यात तिच्या वडिलांचं मोठं ऑपरेशन निघालं.

"काकू, चार महिने लागतील. माझी पोरं तुमच्या ओटीत," म्हणाली आणि गेली पळत.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग तिचे फ्लास्क फिकट पडायला लागले. नत्र नसलेलं पाणी, वर औषधाचा मारा. जगायचं तरी कसं त्यांनी? काकू रोज सकाळी आधी तिथेच जायच्या. एक फ्लास्क तर अगदी लिंबाच्या सालीसारखा झाला. पोरगी तिकडे बापाच्या उशाशी बसलेली, तिला फोन करून कशाला घोर लावायचा? काकूंनी आपल्या मनाने औषध बंद केलं आणि पाण्यात नायट्रेट घातलं, म्हणजे आयतं नत्र, शेवाळाला हातपाय न हलवता मिळणारं जेवण. थोडे दिवस, जरा अंगात ताकद येईपर्यंत. आठवड्यात फ्लास्क हिरवेगार झाले. इतके सुंदर झाले की परत औषधात घालायला काकूंचा हात धजेना. आज घालू, उद्या घालू करत तीन महिने गेले. आणि वहीत? वहीत दर खेपेला त्यांनी लिहिलं: 'नेहमीप्रमाणे'. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, कशाला शाईने बोभाटा करायचा, असं त्यांना वाटलं. त्या एका शब्दाने पुढे त्यांना घाम फोडला.

त्याच फ्लास्कातलं शेवाळ दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मागितलं म्हणून पाठवलं गेलं. घाईबाई परत आली, कामाला लागली, आणि दुसऱ्याच आठवड्यात, सोमवारी, मॅडमच्या टेबलावर पत्र येऊन पडलं. तुमच्या शेवाळातून हायड्रोजन येत नाही, साध्याइतकाच येतो, छापलेले आकडे आम्हाला पटत नाहीत. पुढच्या शुक्रवारी आमचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ येतील, त्यांच्यासमोर मोजून दाखवा.

घाईबाई हसली. पत्र घेऊन थेट यंत्रापाशी गेली. काकू मागे उभ्या होत्या. तिने वायू टोचला, पडद्यावर रेघ सरकायला लागली, जिथे टेकडी यायची तिथे आली आणि जेमतेम उंचवटा करून पुढे निघून गेली. तिने पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. सहा वेळा.

"काकू, हे माझंच आहे ना हो?" तिने विचारलं.

"तुझंच," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. औषधाचा धाक गेला की कंजूष परत येतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चोवीस वर्षं त्याच तर गप्पा ऐकत आल्या होत्या.

संध्याकाळी मॅडमनी घाईबाईच्या वह्या आणि कपाटाची किल्ली मागून घेतली. आरोप कुणी केला नाही. पण मजल्यावर कुजबुज सुरू झाली, की आकडे आले कुठून मग? आणि असली कुजबुज एकदा एखाद्या पोरीच्या नावाला चिकटली की जन्मभर निघत नाही.

काकू घरी आल्या ते तोंडाला कुलूप लावूनच. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर इमारतींच्या पोटात दोरखंड आणि कप्प्या तपासत हिंडायचे. माणूस अबोल, पण बायकोचं तोंड वाचायला त्यांना चष्मा लागत नसे.

"काय झालं?"

"काही नाही."

"बरं. चहा थंड झाला तेव्हा काही नसेलच."

मग काकूंनी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आमच्यात लिफ्टच्या पेटीला कार्ड असतं. दर महिन्याला दोर बघायचा आणि सही करायची. दोर न बघता सही करणारे पुष्कळ आहेत, आणि दोर रोज काही तुटत नाही. पण तुटतो तेव्हा आत सही करणारा नसतो गं, दुसरंच कुणीतरी असतं."

"अहो, नोकरीला सहा वर्षं राहिलीत माझ्या."

"ते तर मला माहीतच आहे," ते म्हणाले आणि कप विसळायला उठले.

मंगळवारी सकाळी काकूंनी आपल्या परीने एक डाव टाकला. त्या हिरव्यागार फ्लास्कातलं शेवाळ घेऊन त्यांनी औषध घातलेल्या सहा थाळ्यांवर पसरलं. बदललेला एखादा संच जरी कुठे उरला असेल तरी त्या मण्याला औषध पचेल, तो जगेल, आठ-दहा दिवसांत हिरवा ठिपका दिसेल. ठिपका दिसला की पोरीने खरोखरच कंजूष कापला होता हे सिद्ध. मग कबुलीची गरजच काय? सुंठीवाचून खोकला जाईल. अशी मनाची समजूत घालून त्यांनी थाळ्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या. या वेळी वहीत मात्र सगळं खरं लिहिलं.

थाळ्यांवरचं शेवाळ दोन दिवसांत पांढरं पडलं. ते तसं पडणारच होतं, साधं शेवाळ औषधाने मरतंच. पण शुक्रवारी ठिपका नाही. शनिवारी नाही. रविवारी सुट्टी असून काकू भिंग घेऊन येऊन बसल्या; नाही. सोमवारी पहारेकऱ्याने विचारलं, "काकू, हल्ली लवकर येता?" तर त्याच्यावर विनाकारण खेकसल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

बुधवारी घाईबाई संवर्धन खोलीत आली. डोळे सुजलेले. "मॅडम म्हणतायत, पाहुणे यायच्या आत मी निबंध मागे घेतल्याचं पत्र दिलं तर प्रकरण वाढणार नाही. चूक झाली असं लिहायचं. कसली चूक ते मलाच माहीत नाही, काकू. पण मी लिहिते. मला आता झोप हवीये."

काकूंनी वरच्या फळीकडे बघितलं. सहाच्या सहा थाळ्या पांढऱ्या. अजून दोन दिवस थांबलं तर कदाचित काही उगवेल, आणि तोवर ही सही करून मोकळी झालेली असेल. त्या स्टुलावरून उठल्या, वही उचलली, पोरीचा हात धरला आणि तिला ओढतच मॅडमच्या खोलीत नेलं.

उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. औषध बंद केलं मी. नायट्रेट घातलं मी. तीन महिने. हिचा काही संबंध नाही.

मॅडमनी शांतपणे वही उघडली, ती तीन महिन्यांची पानं उलटली. "काकू, तुमची हिच्यावर माया आहे हे सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे तर दर वेळी 'नेहमीप्रमाणे' आहे. तुमची सही आहे. एवढी वर्षं मी या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवला. आता वहीवर ठेवू की तुमच्या तोंडावर?"

खरं बोलायला आल्या होत्या आणि त्यांचंच अक्षर त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होतं. लाजेने त्यांचे कान तापले. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पाहुणे येईपर्यंत थांबू," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पत्र तोवर नको."

बाहेर आल्यावर घाईबाईने विचारलं, "मला वाचवायला बोलताय का?"

"नाही गं. खरंच केलं मी तसं."

ती चिडेल, ओरडेल, असं काकूंना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "औषध नव्हतं, ठीक आहे. पण तरीसुद्धा..." आणि वाक्य अर्धं टाकून भिंतीकडे बघत राहिली. वाक्यं अर्धी टाकायची तिची सवयच होती, म्हणून काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी चौथ्या थाळीवर तीन ठिपके होते. मोहरीहून बारीक, पण हिरवे. काकूंनी तीनदा भिंग पुसलं. मग घाईबाईला हाक मारली, तिने मॅडमना, आणि मॅडमनी दुसऱ्याच एका विद्यार्थ्याला सांगून ठिपक्यांची पीसीआर चाचणी करून घेतली, म्हणजे पोरीवर कुणी बोट ठेवायला नको. त्या चाचणीत जुन्या जनुकाची रेघ वेगळ्या जागी येते, कापलेल्या जागेची वेगळ्या.

शुक्रवारी पाहुणे आले. किडकिडीत म्हातारा, कोटाच्या खिशाला चार पेनं. त्यांनी चहाला नको म्हटलं, चाचणीचा फोटो उजेडात धरला. खोलीत मॅडम, घाईबाई आणि दाराशी काकू.

"दोन्ही रेघा आहेत," पाहुणे म्हणाले. "कापलेल्या जागेची रेघ आहे. म्हणजे या मुलीने बदल केला होता, आकडे बनवलेले नाहीत. हे मी लिहून देईन."

मॅडमनी श्वास सोडला. काकूंचे डोळे भरून आले. पण म्हाताऱ्याने फोटो खाली ठेवला नव्हता.

"आता दुसरी रेघ. जुनी. मॅडमनी मला सांगितलं, यांनी औषध बंद केलं, खाऊ घातलं. सगळं मान्य. पण खाऊ घातल्याने जनुक पैदा होत नाही. निबंधात लिहिलंय की सगळे संच बदलले, एकही जुना उरला नाही. एकही उरला नसता तर वर्षभर औषध दिलं नसतं तरी जुना परत आला नसता. मग तो आला कुठून? दोनच वाटा आहेत. एक तर कधीतरी हाताळताना साधं शेवाळ यात मिसळलं. नाहीतर जुने संच पहिल्यापासून आतच होते. थाळीवर मेलेल्या शेवाळाचे अवशेषही चाचणीत रेघ दाखवतात, तेव्हा आज फोटोवरून मला सांगता येणार नाही." त्यांनी दाराकडे मान वळवली. "बाई, हाताळत तुम्ही होतात. तुमच्या हातून मिसळलं का?"

काकूंना प्रश्न पुरता कळला. हो म्हटलं की पोरगी साफ सुटते. निबंध शाबूत, प्रबंध शाबूत, यंदाच पदवी. नाहीतरी आपलं नाव गेलंच आहे, त्यात आणखी एका चुकीने काय बिघडतं? एक बोळा सैल राहिला म्हणायचं, एकदा कडी नीट तापवली नाही म्हणायचं. कोण तपासायला जाणार? घाईबाई त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते काकूंना तेव्हा वाचता आलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून मिसळलेलं नाही. औषधाचं खोटं लिहिलं, ते मी कबूल केलं. पण हे मी केलेलं नाही."

मॅडमनी या खेपेला वही मागितली नाही. घाईबाई उठली, टेबलावर ठेवलेल्या आपल्या जप्त वह्यांतली एक ओढली, पानं मागे मागे नेत दोन वर्षांपूर्वीच्या एका फोटोवर थांबली आणि तो पाहुण्यांपुढे सरकवला.

"इथे," तिने बोट ठेवलं. "जुन्या रेघेच्या जागी पुसट काहीतरी दिसत होतं. मला वाटलं, डाग असेल. म्हणजे... डाग असावा असं मी ठरवलं. अजून चार-पाच पिढ्या औषधात काढायला हव्या होत्या. मला निबंध लवकर पाठवायचा होता."

म्हाताऱ्याने भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. मग ते बरेच सौम्य बोलले. शोध खरा आहे, दावा मात्र जास्तीचा आहे. दुरुस्ती छापा, या तीन ठिपक्यांपासून पुन्हा सुरुवात करा, एकूण एक संच बदलेपर्यंत. वर्ष जाईल. मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं की वहीवर यापुढे दोन सह्या होतील, आणि काकूंनी सांभाळलेलं प्रत्येक शेवाळ नव्याने तपासलं जाईल. काकूंच्या नावाने ताकीदपत्र निघेल. काकू म्हणाल्या, तपासाच, मीही हाताशी बसते.

दुपारी दोघी जिन्यात भेटल्या. खालून कुणीतरी काचेचे ट्रे वर आणत होतं म्हणून कडेला सरून उभं राहावं लागलं. ट्रे गेले तरी घाईबाई हलली नाही.

"वर्ष गेलं तुझं," काकू म्हणाल्या. "माझ्या एका 'नाही'ने."

"तुम्ही हो म्हणाला असतात ना, काकू," ती कठड्याकडे बघत म्हणाली, "तर मी गप्प बसले असते. मी तसं ठरवलंच होतं. तुमच्या तोंडाकडे बघत बसले होते, की ही बाई आता हो म्हणेल."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"मी म्हणणारच होते गं," त्या म्हणाल्या.